सुमनची ताटली

पोलादपूर, १६ जानेवारी २००४, शुक्रवार

आज साहेब आमच्या वाडीवरच्या शाळेत खिचडी तपासायला आले. चूल एकच, त्यामुळे खिचडी शिजलीच नाही. खडू-कागदासाठी मिळणाऱ्या शाळेच्या सादिल खर्चातून साहेबांसाठी आणलेल्या कोंबड्या सुमनच्या आईने रांधल्या. स्वयंपाकाला तीच असते. मुलं घरून आणलेल्या ताटल्या घेऊन ताटकळत बसलेली.

दुसरीतल्या सुमनने विचारलं, "बाई, आमाला कधी?"

"आज नाय गो. घरी जा," मी म्हटलं.

तिने ताटली फ्रॉकला पुसून दप्तरात ठेवली. कोरडीच तर होती. मग पुसली कशाला?

साहेबांनी हात धुऊन शेरेबहीत लिहिलं, 'खिचडी रुचकर.' खाली मुख्याध्यापिका म्हणून मी सही केली. बोटांना रश्श्याचा वास होता. मीही जेवले होते ना! आणि माझं ताट सुमनच्या आईने घासलं.