घरच्या मैदानावरची एकच हार

लेस्टर, मंगळवार, ३ मे २०१६

प्रिय ट्रेव्हर,

काल आपलं लेस्टर फुटबॉलमध्ये इंग्लंडचं विजेतं ठरलं. रस्त्यावर मोटारींचे भोंगे अजून वाजताहेत. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तीनदा गार झाला म्हणून ओतून दिला. तीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलेली तुझी बहीण खिडकी ते दार अशा येरझारा घालते आहे. फोनवर तू हसून विषय बदलशील, म्हणून लिहिते.

हंगामाच्या सुरुवातीचे सामने तू गुडघ्यामुळे चुकवलेस, तेव्हा आपण हरलो नाही. सप्टेंबरात तू आलास आणि आर्सेनलने पाच गोल घालून आपल्याला हरवलं. मागच्या रांगेत बसणारे आपले हसमुख ओरडले, "मॅडम, या तुमच्या भावाला घरात कोंडा, बाहेरून कुलूप लावा!" तू म्हणालास, "लावा, पण मध्यंतरात मिळणारी खिम्याची पेस्ट्री खिडकीतून आत टाका." सगळी रांग हसली. आपल्याकडे अशी बंदी थट्टेत घालतात आणि देवधर्मासारखी पाळतात. त्यानंतर घरच्या मैदानावर आपण एकदाही हरलो नाही. तुझ्या खुर्चीवर मी माझा कोट ठेवत गेले.

जानेवारीच्या अखेरीस तुझा फोन आला. "म्युरिएल, एकच सामना. हवं तर डोळे मिटून बसतो." मी म्हटलं, "आपण पहिल्या क्रमांकावर आहोत. स्वार्थीपणा करू नकोस." वर्गात गृहपाठ न आणणारीला सुनवावं तसं. "बरं, बाई," एवढंच म्हणालास. एरवी तू इतक्या लवकर ऐकत नाहीस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुला वाटतं मला काही ठाऊक नाही. पॅटवर रागावू नकोस, तिने तुला दिलेला शब्द खूप दिवस पाळला. मार्च संपता संपता ती बाजारात भेटली, मी "ट्रेव्हर कसा आहे?" विचारलं, आणि तुझी बायको बटाट्यांच्या ढिगासमोर उभी राहून रडली. डॉक्टरांनी नाताळाआधीच सांगितलं होतं, की पुढचा हंगाम तुला दिसणार नाही.

तेव्हा घरचे चार सामने उरले होते. त्यातले तीन मी तुझ्याशिवाय पाहिले. दर वेळी फोनपाशी गेले, दर वेळी ठरवलं, एवढा जिंकू दे, मग आणू. वेस्ट हॅमशी बरोबरी झाली त्या दिवशी तर मला बरं वाटलं, की तू नव्हतास, नाहीतर खापर तुझ्या माथी फुटलं असतं. अशा विचाराची लाज वाटायला मला पंधरा दिवस लागले.

आज सकाळी हसमुखना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ती गंमत होती हो." मी म्हटलं, "तुमची होती. माझी नव्हती."

शनिवारी घरचा शेवटचा सामना आहे, एव्हर्टनशी. हसमुख गाडी घेऊन तीन वाजता तुझ्या दारात उभे राहतील, पायऱ्या चढवायला रांगेतले चौघे आहेत. अजिंक्यपद पदरात पडल्यावर तुला बोलावते आहे, याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळतं. माफी समोर बसून मागेन. तू फक्त ये. हरलो तर हरू दे, ट्रेव्हर. तुझ्या देखत हरू दे.

तुझीच,
म्युरिएल