मीटर बरोबर होता

आबा, परवा बारावीच्या वर्गात मी एका मुलीला एक वाक्य बोलले आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. पाचवा तास होता. या दिवसांत पोर्शन राहिलेला असतो, प्रॅक्टिकलच्या वह्यांचा ढीग टेबलावर असतो. इथं दौंडला मी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्याच दारात फाइल घेऊन उभं राहायचं. दमलेय. त्या दिवशी फळ्यावर ओहमचा नियम उजळणीला घेतला होता. तारेचा रोध तोच राहिला, तर व्होल्टेज जितकं कमी तितका करंट कमी. हे सांगताना मला आता विचारही करावा लागत नाही. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, भीमेकाठच्या गावातून एसटीनं येणारी एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पण आमचे पप्पा म्हणतात, व्होल्टेज कमी झालं की मोटार जास्त अँपिअर ओढते. म्हणून ते लगेच मोटार बंद करतात." मला उत्तर माहीत होतं. नीट सांगायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "पप्पांना सांग, एकदा तरी पुस्तक उघडा." वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "पप्पा, दप्तर घ्या!" ती बसली, आणि तास संपेपर्यंत तिनं वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

तिचा चेहरा ओळखीचा वाटला, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तिच्या जागी मी कधीच नव्हते. मी हसणाऱ्यांत होते.

न्हावऱ्याचं तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आठवतं. वार्निशचा वास, भिंतीला लटकवलेली तांब्याच्या तारेची रिळं, आणि वार्निश वाळावं म्हणून मोटारीच्या पोटात तुम्ही पेटवून ठेवलेला दोनशे वॅटचा बल्ब. मी अकरावीला, शिरूरच्या कॉलेजातून दुपारच्या एसटीनं आलेली, तुमच्या हत्यारांच्या पेटीवर बसून चहा पितेय. वडगाव रासाईचे एक बागायतदार, ज्यांना आपण सगळे आप्पा म्हणायचो, त्यांची साडेसात हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार न्यायला आलेत. तुम्ही मोटारीवर हात ठेवून सांगताय, "आप्पा, एक ध्यानात ठिवा. काटा साडेतीनशेच्या खाली आला की मोटार बंद. व्होल्टेज उतरलं की अँपिअर चढतंय, आन् आतलं तांबं जळतंय." आणि मी कप खाली न ठेवता म्हणते, "आबा, तुम्ही उलटं सांगताय. व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमीच होणार. आम्हाला परवाच शिकवलंय."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! मेस्त्री, तुमची मास्तरीण घरातच निघाली की! म्हंजी कमी व्होल्टेजात मोटार गारच ऱ्हानार. व्हय ना गं पोरी?"

मी हो म्हणाले.

तुम्ही फडक्याला हात पुसत राहिलात. "बुकात तसं आसंल," म्हणालात. "ती शिकलीया. मी सातवी." मग जरा हळू, "तरी पन बंद करत जावा, आप्पा." पण आप्पा तोवर माझ्याकडे बघत होते, कौतुकानं, आणि मला ते फार आवडलं होतं.

नवव्या दिवशी ती मोटार परत आली. ट्रॅक्टरमधून उतरवायच्या आधीच जळका वास रस्त्यावर आला होता. आप्पा चिडलेले नव्हते, नुसते वाकलेले होते. ऊस वाळत होता. लाइट येत होती ती सगळ्या शिवाराला एकदमच, मग सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, व्होल्टेज खाली, आणि स्टार्टर सारखा पडून मोटार बंद व्हायची. "सारखं कोन पळंल बटन दाबाया? काडी खोचून ठिवली हिरव्या बटनात," ते म्हणाले. "पोरगी म्हनली हुती, गार ऱ्हाती." स्टार्टर पडत होता तो मोटारीला वाचवायला, आणि त्यांनी तो माझ्या शब्दावर अडकवून ठेवला होता. मी पेटीवरून उठून आतल्या बाजूला गेले. तुमचा आवाज ऐकू आला, "लाइनचाच दोष हाय, आप्पा. आपलं काय चाललं न्हाई तिथं." घरी त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. फक्त नवीन कॉइल गुंडाळताना म्हणालात, "वेढं मोज गं, माझं चुकतंय." तुमचं कधीच चुकत नव्हतं. मी मोठ्यानं मोजत होते, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, आणि तुमच्या हातात काळी पडलेली जुनी तार होती, जिच्यावरचा सगळा मुलामा जळून गेला होता.

मोटार बसवायला तुम्ही मला लुनावर मागं बसवून नदीवर नेलंत. तसं कधी नेत नव्हतात. पत्र्याच्या खोलीत भिंतीवर पॅनल, त्यात दोन काटे शेजारी शेजारी, एक व्होल्टेजचा, एक अँपिअरचा. तुम्ही बटण दाबलंत. "वाच."

"चारशे दहा. आणि अकरा."

"थांब जरा."

आपण थांबलो. वरच्या अंगाला एकेक मोटार सुरू होत गेली, तसा आपल्या मोटारीचा आवाज जड होत गेला.

"आता वाच."

"तीनशे चाळीस." दुसऱ्या काट्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. "साडेतेरा."

तुम्ही लाल बटण दाबलंत. पाइपातलं पाणी मागं येत असल्याचा आवाज ऐकू येत होता. मी म्हणाले, "मीटर खराब असेल."

"आसंल," तुम्ही म्हणालात, आणि लुना सुरू करायला बाहेर गेलात.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात मला ते कळलं, लायब्ररीत, एका पानावर. चारशे दहाला अकरानं गुणा, तीनशे चाळीसला साडेतेरानं गुणा. उत्तरं जवळजवळ एकच येतात. पंपाला तितकंच पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं असतं. त्याला लागणारी शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. एक कमी पडलं की मोटार दुसरं जास्त ओढून काम पुरं करते. आणि तारेच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे करंट सव्वापटीला आला की उष्णता दीडपट होते. ओहमचा नियम खोटा नव्हता. तो साध्या तारेचा होता. फिरणारी मोटार आलेल्या विजेच्या दाबाला आतून उलटा दाब देत असते, ती साध्या तारेसारखी वागत नाही. नियम मी चुकीच्या जागी लावला होता, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतला नाहीत. आप्पांच्या देखत तर नाहीच.

त्या शनिवारी मी घरी आले होते, आणि हे सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती. मी म्हणाले, पेपर चांगले गेले. पुढं सांगायला वर्षं होती, ती सगळी गेली. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा एका दुपारी वर बघून म्हणालात, "पंखा हळू फिरतुय. व्होल्टेज न्हाई वाटतं." मी नुसतं हो म्हणाले. वाट इतकी मोकळी करून दिली होती तुम्ही, कळत की न कळत, कोण जाणे. तुम्ही जाऊनही सोळा वर्षं झाली.

आज मी वर्गात गेले आणि सांगितलं की परवा मी चुकीचं बोलले, त्या मुलीचे वडील बरोबर आहेत. फळ्यावर पंप काढला, दोन काटे काढले, गुणाकार करून दाखवला. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणाले, तशी पेनं खाली गेली. बाकीच्यांना मी का सांगतेय तेही आठवत नसावं. तास संपल्यावर तिला व्हरांड्यात थांबवलं.

"पप्पांना सांगितलंस का गं, मी काय बोलले ते?"

"न्हाई मॅडम."

"का?"

"वाईट वाटलं असतं त्यांना. आन् मोटार तर त्येच बंद करतात, मला थोडीच करायचीय." मग तिला माझीच काळजी वाटली असावी. "तुम्ही नका टेन्शन घेऊ, मॅडम. ती पोरं कशालाबी हसतात."

सतरा वर्षांची आहे ती, आबा. अकरावीतल्या माझ्यापेक्षा एकाच वर्षानं मोठी.

हे कागद मी प्रॅक्टिकलच्या वह्यांबरोबर कपाटात ठेवून देणार आहे. कुणाला दाखवायचे नाहीत, कुठं टाकायचेही नाहीत. पण एक राहिलं. जाता जाता तिनं विचारलं होतं, "मॅडम, हे पुस्तकात तर न्हाई. तुम्हाला कुणी शिकवलं?" शेजारी स्टाफरूममधल्या दोघीजणी उभ्या होत्या, दोघी कायम झालेल्या. तेवढंच कारण, दुसरं काही नाही. मी म्हणाले, न्हावऱ्याला एक मेस्त्री होते, ओळखीचे.