स्वयंचलित घंटेचं टेस्टिंग

अकोला, १ ऑगस्ट १९६१
ठरलं. शाळेची घंटा आता विजेवर वाजणार. मशीन माझं. गजराचं घड्याळ, बॅटरी, बेल, चार खिळे. मोठा काटा खिळ्याला टेकला की करंट सुरू, तास संपला. हेडमास्तर भगवंतराव म्हणाले, चोवीस तारखेला इन्स्पेक्टरसाहेब येताहेत, अकरावीच्या वर्गाची मान्यता त्यांच्या हातात आहे, घोळ नको. घोळ कसला? आधी पद्धतशीर टेस्टिंग. प्रत्येक फॉल्टला नंबर, मग तो निकाली.

३ ऑगस्ट
फॉल्ट नं. १. काटा खिळ्यात अडकला. बेल थांबेना, घड्याळ पुढे सरकेना. मराठीचा तास नुसता संपतच राहिला. खिळा कानशीने घासला. निकाली.

५ ऑगस्ट
फॉल्ट नं. २. आता वाजतच नाही. भूमितीच्या तासाने मधली सुट्टी गिळली. खिळा वाकवला. निकाली. बायकोने, सिंधूने, विचारलं, घरातलं घड्याळ कुठाय. सरकारी कामात आहे, म्हटलं.

८ ऑगस्ट
शिपाई शेषरावला सांगितलं, तुझी घंटेतून सुटका. म्हणाला, "मंग मी मूर्तिजापूरले लेकीकडं जाऊन येतो, मास्तर. लय दिवस झाले." खुशाल जा, म्हटलं.

१२ ऑगस्ट
फॉल्ट नं. ३. रस्त्यावरून बार्शीटाकळीची प्रवासी मोटर गेली की भिंत हादरते, काटा हलतो, बेल वाजते. म्हणजे फॉल्ट मोटरचा. निकाली.

१९ ऑगस्ट
मोटर दुपारीच आली. शाळा सुटली. मुलं मला पाहून टाळ्या वाजवतात. लोकप्रियता वाढते आहे. घड्याळाखाली उशी ठेवली. सिंधू म्हणाली, "काहून हो, माझी उशीपण शाळेत शिकून राहिली का?" बायकांना विज्ञान कळत नाही.

२३ ऑगस्ट
दिवसभर एकही चूक नाही. टेस्टिंग पूर्ण. (मोटर आज बंद पडली होती म्हणे. योगायोग.)

२४ ऑगस्ट
साहेबांनी चहाचा कप उचलला आणि मोटर आली. बेल. "छुट्टी!" म्हणून सगळी शाळा साहेबांच्या अंगावरून पळाली. चहा साहेबांच्या कोटावर. शेरा: 'इमारत उत्तम. विद्यार्थी आढळले नाहीत.' इमारतीबद्दल तरी चांगलं लिहिलं.

२५ ऑगस्ट
भगवंतरावांनी हातापाया पडून साहेबांना सोमवारी पुन्हा बोलावलं. प्रार्थनेच्या वेळी त्यांनीच मुलांना तंबी दिली: 'यापुढे कसलीही घंटा वाजो, मी सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नाही.' मग मशीन स्वतःच्या हाताने उपटलं. खिळ्यांसकट. शेषराव अजून लेकीकडेच. सोमवारी घंटा मी वाजवायची. हाताने. एम.एस्सी. असून. असो, यात फॉल्ट निघायला जागाच नाही.

२८ ऑगस्ट
भगवंतराव साहेबांना आणायला फाटकावर. मी वेळेवर घंटा वाजवली. मुलं मैदानात खेळतच राहिली. जोरात वाजवली. एकही हललं नाही. साहेब आत आले, रिकाम्या वर्गांवरून फिरले. मी हात दुखेपर्यंत वाजवत होतो. मैदानातून ओरड आली, "सर, बटन बंद करा ना!"

मान्यता नाही. पुढच्या वर्षी पाहू. साहेबांनी जाताना शेरा लिहिला: 'या शाळेस प्रथम एक घंटा द्यावी.'

तेव्हा मी ती हातात धरून त्यांच्या शेजारीच उभा होतो.