एका पायाची खडाव

यमुताई, जय सेवा.

तुह्या पाया पडतो. भाऊजीचा खोकला कमी झाला का, अन् तुह्या कमरेले कोणतं तेल लावून राहिली, थे आधी कळव. इकडं सारं बरं. हिंगण्याच्या कंपनीत पाळी बदलली, अन् परवा मले म्युझियमात पकडलं. घाबरू नको वं, चहा पाजून सोडलं.

झालं असं. आपल्या गोंडांचं अन् बाकी आदिवासींचं नवं म्युझियम झालं हाये. थंडगार एसी, पडद्याले बोट लावलं की ढोल वाजते. नात मयुरा म्हणे, आबा, चला. तिथं मातीचं घर केलं हाये (सारं आपल्यासारखं, फक्त उंदीर नाई). मी सवयीनं दाराशी चपला काढल्या. चौकीदारानं त्या उचलून विचारलं, ह्यासुद्धा मांडायच्या का?

पुढं काचेच्या पेटीत एक लाकडी खडाव. खाली पाटी: ‘अंदाजे दोनशे वर्षं जुनी. देवाला वाहिलेली असावी. तळाला अज्ञात चिन्ह.’ चार बोटं जाड तळवा पाहिला अन् पाटी मी पुन्हा वाचली. दोनशे वर्षं! तू अजून साठीची बी नाई झाली.

तुहा डावा पाय आखूड म्हणून बाबांनी मोहाच्या झाडाखाली बसून थे कोरली होती. पट्ट्याचे खिळे ठोकताना अंगठा ठेचून घेतला होता. मयुराले ती छिद्रं दाखवाले मी काचेवर टकटक केलं, अन् भोंगा वाजला. दोन चौकीदार आले. मी बी बोलत सुटलो: ही माह्या बहिणीची हाये, कोण्या बेइमानानं पळवली, त्याले हाजर करा. लोक ढोल सोडून मले पाहाले लागले.

मग तिथल्या मोठ्या मॅडम आल्या, वैभवी नावाच्या. शांत बाई. मले खुर्ची दिली, चहा दिला अन् पुरावा काय म्हणून विचारलं. मी म्हणलं, तळाचं चिन्ह ‘य’ हाये, यमुचा. बाबांले अक्षर येत नव्हतं. तुह्या पाटीवरून पाहून तापल्या सळईनं काढलं, थे उलटं निघालं.

मॅडमनं हातमोजे घालून पेटी उघडली, खडाव पालथी केली अन् पर्समधला छोटा आरसा समोर धरला. आरशात ‘य’ सरळ दिसला. मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांचं नाव सांगा. पाटी आजच बदलते.”

मारोती उईके, मी सांगितलं. लिहिताना मॅडमनं दोनदा विचारून घेतलं. बाबांचं नाव इतक्या जपून कोणी लिहिलेलं मी आधी नव्हतं पाहिलं. मयुरानं माहा हात घट्ट धरला होता.

तुहा लहान भाऊ,
नत्थू

ता. क. खडाव नदीत वाहून गेली असं मी तुले सांगितलं होतं. नव्हती गेली. जुन्या वस्तू जमवणारा एक माणूस जीप घेऊन आला होता. त्यानं उजेड पाडाची बॅटरी दाखवली अन् तिच्या बदल्यात मी खडाव देऊन टाकली. खडावेबिगर तुले तेवढं चालता येईना, अन् त्याच साली तू शाळा सोडली. थो बेइमान मीच, ताई. पंचेचाळीस वर्षं सांगाची हिंमत नाई झाली.

पुन्हा ता. क. मॅडम म्हणतात, घरी न्यायची का तिथंच ठेवायची, थे जिची हाये तिनं ठरवावं. तुही सही पाहिजे. शनिवारी मले सुटी हाये, गाडी घेऊन तुले न्यायले येतो. काय बोलायचं, मारायचं, थे तेव्हाच कर; फोनवर मले निस्तं ऐकू येते, तुहं तोंड दिसत नाई.