ही ‘एला’ कोण?

३ मार्च
एला! एला! एला! सकाळपासून न्हाणीघरात दाढी करता करता नवऱ्याचा एकच जप. मला पोर्तुगीज येत नसलं तरी एवढं ठाऊक आहे — एला म्हणजे ती. आधी ‘एले’ म्हणाला, म्हणजे तो. मग जीभ चावून ‘एला’! विचारलं तर म्हणे, “अगं, कंपनीची परीक्षा आहे.” लग्नानंतर दोन वर्षं पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखातल्या एका बंदरात क्रेन दुरुस्त करायला होता, तेव्हा मोडक्यातोडक्यावर भागलं. आता ह्याला व्याकरणाची हुक्की आलीय!

४ मार्च
आज नवा शब्द — ओल्योस. फोनवर शोधला — डोळे! तिचे, अर्थात.
मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते. माझे कसे आहेत, ते ह्या माणसाने आजवर एकदा सांगितलेलं नाही.

९ मार्च
वाचनालयात माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी पोर्तुगीजचा वर्ग असतो. नाव घातलं. ह्याला पत्ता लागू दिला नाही. बाई निवृत्त, आवाज मात्र खणखणीत. आज नामांचे प्रकार. सामान्यनाम, विशेषनाम. मला विशेषनामच हवंय — त्या बयेचं!

१६ मार्च
भाववाचक नामं. बाई म्हणाल्या, “ज्यांना हात लावता येत नाही, ती.” उदाहरण कोणतं द्यावं? सिऊमे — मत्सर! पुल्लिंगी आहे म्हणे. हात लावता येत नाही? माझ्या तर रोज ताटाशेजारी येऊन बसतो.
मग समूहवाचक. कझाल म्हणजे जोडपं. माणसं दोन, शब्द एकवचनी. बाईंना फार कौतुक त्याचं. मुलाचा विषय काढला की हा म्हणायचा, “आपण दोघंच बरे.” मीही मान डोलवायचे. दोघंच म्हणे! जळला मेला तो कझाल.

१७ मार्च
आजही एला. शर्टाला इस्त्री केली नाही. जा म्हणावं तसाच चुरगळलेला.

२३ मार्च
मी किती मूर्ख आहे! काही पोर्तुगीज नामांचं लिंग ठरलेलंच असतं, माणूस कोणी का असेना. पेसोआ — व्यक्ती, वीतिमा — बळी, क्रिआन्सा — मूल. सगळ्या स्त्रीलिंगी! मिशाळ पैलवान असला तरी पेसोआ म्हटलं की ‘एला’च. आपणही ‘ती व्यक्ती’ म्हणतोच की. आपलं मूल बिचारं ‘ते’, त्यांचं मात्र ‘ती’.
म्हणजे ह्याची एला कंपनीतला तो टकला साहेबसुद्धा असू शकतो! जीव भांड्यात पडला. वर्गातच खुदकन हसले, बाईंनी डोळे वटारले. येताना ह्याच्यासाठी चांगल्यातला दाढीचा साबण आणला. उद्या सांगून टाकणार, मीही शिकतेय. चकित होईल!

२४ मार्च
सकाळी ह्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. आतून आवाज आला — “ओ क्रिआन्सा तें ओस मेउस ओल्योस.”
ओ? नामाआधी ओ म्हणजे पुल्लिंग! इतके दिवस घोकून पुन्हा तेच? मला राहवलं नाही. बाहेरूनच ओरडले, “ओ नाही, आ! आ क्रिआन्सा! मुलगा असला तरी!”
नळ बंद झाला. तेव्हा कुठे उरलेलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. मेउस म्हणजे माझे, म्हणजे ह्याचे. मुलाचे डोळे माझ्यासारखे आहेत.
आतून हा म्हणाला, “मुलगाच आहे.”