तीन खोल्या आणि जास्तीची फेरी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे अर्धाच घातला, उरलेला भावनेने घातला असं समज.) तुझी नवी कवळी बसली का? दातांच्या डॉक्टरांशी भांडलीस हे बाबांकडून कळलं आणि बरं वाटलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. मीही मजेत आहे. म्हणजे उद्यापासून मला राहायला जागा नाही, पण बाकी मजेत.

झालं असं की घरमालकीणबाईंचा मुलगा सहकुटुंब परत येतोय, त्यांना खोली हवी. त्या रडल्या, मी रडले, मग त्यांनी तारीख सांगितली. म्हटलं, हात्तिच्या, शोधणं हाच तर माझा धंदा. (तू सगळ्यांना सांगतेस की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. नाही गं. मी क्वांटम संगणकाला शोधायला शिकवते.) साधा संगणक एकेक पर्याय उघडून बघतो. आमचा सगळ्यांना एकदमच हात घालतो आणि दर फेरीला योग्य उत्तर सापडण्याची शक्यता वाढवत नेतो. मेख एवढीच की फेऱ्या बेताच्या करायच्या. जास्त झाल्या की तीच शक्यता पुन्हा उतरायला लागते. दूध वर आलं की गॅस बंद करावा, तसं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हे इतक्यांदा बजावतात की नव्या मुलांना मी त्यांच्याच आवाजात बजावते.

त्यातून माझा विषय म्हणजे ज्यांना एकाच वेळी सगळं हवं असतं त्यांचा. भाडं कमी हवं, काम जवळ हवं, वर शांतताही हवी. सगळ्यांत सरस असं काही नसतंच. मग जी खोली दुसऱ्या एखाद्या खोलीपुढे प्रत्येक बाबतीत मार खाते, ती बाद. (दलालाची सगळ्यात लाडकी खोली महाग, लांब आणि छापखान्याच्या डोक्यावर होती. ती बाद केल्यावर तो बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलायचा.) गाळून गाळून तीन उरल्या. एक स्वस्त, पण खाली वेल्डिंगचं दुकान. एक प्रयोगशाळेला खेटून, पण भाडं ऐकून घाम फुटावा. एक इतकी शांत की हातातलं घड्याळ ऐकू यावं, पण जायला दोन बस.

कुणीच कुणाला हरवेना. इथे आमची पद्धत हात वर करते. पुढचं माणसाने निवडायचं. आणि नेमकं तेच मला जमेना. म्हणून म्हटलं, आणखी एक फेरी मारू. मग आणखी एक. मी फिरत राहिले आणि तेवढ्यात स्वस्त खोली एका शिंप्याने घेतली, जवळची आमच्या बाईंच्या भाचीने, आणि शांत खोलीत दलाल स्वतःच राहायला गेला. माझ्यापासून सुटका म्हणून, असं ऐकते. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी नव्या मुलांना बजावायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

असो. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस, काहीतरी होईलच. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मांजराला एक धपाटा.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
भाची

ता. क. तुझी वरची खोली रिकामी आहे ना? मी ती यादीत घातलीच नव्हती. घातली असती तर नियमाने बाद होऊच शकली नसती. लांब आहे खरी, पण भाडं शून्य, त्याला कोण हरवणार? (शून्य मी धरलंय. चुकलं असेल तर सांग.) घातली नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर मला फार लागलं असतं. परक्यांच्या नकाराचं एवढं काही वाटत नाही.

आणखी एक ता. क. हे पत्र देणारा माणूस टेम्पोवाला आहे. टेम्पोत माझी गादी आहे, पुस्तकं आहेत आणि पुढच्या सीटवर मी आहे. तुझं वाचून होईपर्यंत खाली उतरत नाही. हो असेल तर खिडकीतून नुसता हात हलव. नाही असेल तरी हलव, आत्या. इतक्या लांबून मला दोन्ही सारखंच दिसतं.