दहा बेचाळीसला जाणारी लाईन

येरमाळा,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. भीमाशंकर मामांस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि निम्मं तुम्ही बोलू देत नाही, असं मी परवा म्हणाले तर तुम्ही फोनच ठेवलात. मागून जगदेवी मामींचा निरोप आला की काय बिघडलंय ते कागदावर लिहून पाठव, मामा फोनवर दुरुस्ती करत नसतात. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून हातानं एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तक्रार अशी. माझ्या लॅपटॉपवर घरचं वायफाय मधेच जातं. रेघा पूर्ण असतात, कुलपाची खूण असते आणि खाली लिहून येतं की सुरक्षित आहे, पण इंटरनेट नाही. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप परत येतं. तेवढ्या वेळात मी ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर फेकली जाते. पुण्याच्या सरांनी दोनदा समजून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले की वडिलांच्या आजारपणासाठी घरून काम दिलं होतं, ते कारण आता उरलं नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत लाईन पक्की झाली तर बघू, नाहीतर तीन मार्चपासून पुण्यात येऊन बसायचं. त्यांचं काही चूक नाही. मला रागही आला नाही. हल्ली येत नाही.

आईला एकटं कसं सोडायचं, एवढाच प्रश्न आहे. अप्पांना जाऊन दीड महिना झाला, ती अजून रडलेली नाही. मीही नाही. वेळेवर स्वयंपाक करते, वेळेवर वाढते, भाजीत मीठ बरोबर असतं. काही विचारलं की व्हय म्हणते. अप्पांची खोली बंदच आहे, तिकडं कुणी जात नाही.

मामी सांगत होत्या की प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून तुम्ही मिक्सर खोलता आणि स्क्रू घरंगळला की त्यांना रांगायला लावता. शिडीवरून पडलेल्या माणसानं इतका रुबाब करू नये.

राग धरू नका, माया पातळ करू नका.

तुमची,
अर्पिता


उमरगा,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५, सकाळी ९.१५

चि. अर्पिता हिस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर चालण्यासारखं आहे, पण तारखेपुढं वेळ नाही. अर्धा-पाऊण तास हे कामाचं माप नव्हे. बत्तीस मिनिटं की चव्वेचाळीस? आणि मी शिडीवरून पडलो नाही. खालून धरणाऱ्यानं तंबाखू मळायला हात सोडला, शिडी सरकली. मामीच्या सांगण्यात एवढी दुरुस्ती करून घे.

आता कामाचं. मी आठवीच्या पुढं शाळेत गेलो नाही. हैदराबादेहून आणलेला एक मेलेला रेडिओ चार वेळा खोलला, पाचव्या वेळी तो बोलला, माझी सगळी विद्या त्यावर उभी आहे. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. इथल्या दोन दवाखान्यांचे कॉम्प्युटर आजही माझ्या टेबलावर येतात, डिग्रीवाल्यांकडं जात नाहीत. तेव्हा सांगतो ते आणि तेवढंच कर.

कुलपाची खूण आहे म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. वायफायच्या डब्यानं लॅपटॉपला आत घेतलं, इतकंच ती सांगते. डब्याच्या पाठीमागं लाईन जिवंत आहे का, हे ती सांगत नाही. लोक दोन्ही एकच धरून चालतात आणि मग नवा लॅपटॉप घेतात.

सोमवारी लॅपटॉपला घरचं नेटवर्क विसरायला लाव आणि पासवर्ड नव्यानं घालून जोड. मंगळवारी सेटिंगमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी वायफाय झोपवायची जी परवानगी असते, तिच्यावरची खूण काढ. बुधवारी वायफायचा ड्रायव्हर नवा कर. एका दिवशी एकच. तिन्ही एकदम केलंस आणि सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळणार नाही, आणि न कळता सुधारलेलं मी सुधारलेलं धरत नाही. शिवाय एक वही कर. लाईन कधी गेली, कधी आली, मिनिटासकट. तू कुठं बसली होतीस, घरात त्या वेळी काय चालू होतं, कोण काय करत होतं, सगळं लिही.

डब्यावर मात्र शंका घेऊ नकोस. आठ जानेवारीला ओसरीतला नवा डबा मी उभं राहून बसवून घेतला. कंपनीचा माणूस भलतंच लांबलचक नाव ठेवून निघाला होता. त्याला थांबवलं आणि जुन्या डब्याचंच नाव, जुनाच पासवर्ड घातला, म्हणजे घरातल्या कुठल्या यंत्राला नव्यानं काही शिकवायला नको. इतका विचार करणारा जिल्ह्यात दुसरा दाखव.

अक्काचं लिहिलंस ते वाचलं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. लाईनबद्दल येतं, ते लिहिलं.

आशीर्वाद आहेतच. वही मात्र रोज भर.

तुझा मामा,
भीमाशंकर


येरमाळा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.०५ (वेळ घातली आहे)

ती. मामांस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

सांगितलेलं सगळं केलं, एका दिवशी एकच. काही उपयोग झाला नाही. वही अशी बोलते.

सोमवारी सकाळी १०.४२ ला गेली, ११.१९ ला आली. दुपारी ३.०४ ला गेली, ३.३८ ला आली. मंगळवारी १०.४० ते ११.१६ आणि ३.०७ ते ३.४०. बुधवारी १०.४२ ते ११.२०, दुपारी ३.०५ ते ३.३६. गुरुवारी दिवसभर एकदाही गेली नाही. शुक्रवारी पुन्हा १०.४३, पुन्हा ३.०५. शनिवार-रविवार मला सुट्टी, लॅपटॉप मुद्दाम उघडा ठेवला, एकदाही गेली नाही.

मी नेहमी मधल्या खोलीत, अप्पांच्या खोलीच्या भिंतीला टेबल लावून बसते. ओसरीत बसता येत नाही, रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न मीटिंगमध्ये जातात. शेजारी वेल्डिंग चालतं, पण ते सकाळी आठला. मोटर संध्याकाळी. कुकर साडेनऊला उतरतो. आई स्वयंपाक आवरून आत कुठंतरी असते. गुरुवारी ती कळंबला डोळे दाखवायला गेली होती.

सरांची मेल आली, आता लेखी. आईला सांगितलं तर ती म्हणाली की नोकरी हाय तिथं जावंच लागतं, माझं काय, मी हाय की हितं. इतकं सरळ म्हणाली, जणू मी दळण आणायला निघालेय. मी पण बरं म्हणाले आणि भांडी विसळायला घेतली. दोघींपैकी कुणीच थांबलं नाही.

तुम्हाला यातून काही दिसलं तर कळवा. मला आकडेच दिसतात.

तुमच्या लोभातलीच,
अर्पिता


उमरगा,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.३०

चि. अर्पिता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात लॅपटॉपचा वायफायचा तुकडाच बदलायला सांगणार होतो, तसं लिहूनही झालं होतं. तो कागद फाडला. यंत्र बिघडलं तर ते घड्याळ बघून बिघडत नाही. आणि गुरुवारी, रविवारी सुट्टी घेत नाही.

पावणेअकरा ही भाऊजींना अंग पुसून नाश्ता भरवायची वेळ. तीन ही चहाची आणि कूस बदलायची. दोन वर्षं अक्कानं ती चुकवली नाही.

आता माझं काम ऐक. भाऊजींचं अंग गेलं तेव्हा त्यांच्या उशाशी मी एकच बटन बसवलं होतं. चांगला हात नेला की दिवा, पंखा आणि कपाटावरचा वायफायचा जुना डबा, तिन्ही एकदम चालू, म्हणजे त्यांना पडल्या पडल्या मोबाईलवर कीर्तन लावता यावं. लोकांना दाखवत होतो ते बटन मी. जुन्या डब्याची लाईन जानेवारीत बंद झाली, पण डबा कपाटावर तसाच आहे. त्याचं नाव तेच, पासवर्ड तोच. तुझ्या भिंतीपलीकडं तो चालू झाला की लॅपटॉपला ओसरीतल्या डब्यापेक्षा तो जवळचा वाटतो. लॅपटॉप तिकडं जातो. तो डबा ओळखीच्या पासवर्डावर त्याला आत घेतो, आणि आत काही नसतं.

खोली बंद आहे असं तू लिहिलंस. ती बंद नाही.

नवा डबा बसवला त्या दिवशी जुना काढून आणणं हे पहिलं काम होतं. शिकाऊ माणूससुद्धा ते करतो. मी त्या खोलीत गेलो नाही. दारापर्यंत जाऊन आलो आणि कंपनीच्या माणसाला सांगितलं की आत काही नाही.

डब्याची वायर ओढली की काम संपलं, दोन मिनिटांचं आहे. अक्का देवळात गेली की ओढून टाक. तिला काही विचारू नकोस.

आशीर्वाद. यावेळी माझ्या कामाची तारीफ पत्रात नको.

भीमाशंकर


येरमाळा,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५, रात्रीचं जेवण व्हायच्या आधी

ती. मामांस,
शि. सा. न.

शुक्रवारी साडेदहाला पोस्टमन आला. तुमचं पत्र वाचून होतंय तोवर १०.४२ झाले आणि लाईन गेली. मी उठून गेले. विचारू नको म्हणाला होतात, बघू नको म्हणाला नव्हतात.

दार नुसतं लोटलेलं होतं. दिवा चालू, पंखा तीनवर, अप्पांना लागायचा तसा, आणि हवा अजून गार आहे. आई पलंगाजवळच्या खुर्चीवर पदर अंगाभोवती घेऊन बसली होती. काही करत नव्हती. मला बघून दचकली नाही. म्हणाली की तुझं बोलणं चालू झालं म्हणून आले, तुला दिसायला नको होतं. मी मीटिंगमध्ये शिरायची ती वाट बघत होती, मामा. मी तिच्यासमोर ठीक असल्यासारखी राहते, तीही तेच करत होती.

मग मला गप्प बसता आलं नाही. सरांची मेल, बटन, डबा, सगळं सांगून टाकलं. डबा काढते म्हणाले, खुर्ची ओढली. तिनं माझा हात धरून मला बाहेर आणलं आणि दाराला कडी घातली. म्हणाली की राहू दे, हात लावू नको, माझ्यापायी तुझं काम बुडत होतं हे मला कुणी सांगितलं न्हाय. मी लई समजावलं की दोष बटनाचा नाही, डब्याचा आहे. तिला वाटतं मी तिची समजूत काढतेय.

काल आणि आज लाईन पक्की आहे. एकदाही गेली नाही. सरांनी शाबास म्हणून कळवलं. आई पावणेअकराला स्वयंपाकघरात पाटावर बसते, भिंतीकडं तोंड करून. तीनला पुन्हा तिथंच.

वही बंद केली. काय लिहायचं ते कळत नाही.

अर्पिता


उमरगा,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५, सकाळी ६.५०

ती. शिवलीला अक्कास,
भीमाशंकरचे शरणार्थ. शि. सा. न. वि. वि.

अक्का, मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, लिहायची वेळ तू येऊ दिली नाहीस. पाय नसता मोडला तर आजही लिहिलं नसतं, येऊन उभा राहिलो असतो.

पोरीनं सांगितलं ते खरं आहे, शब्द न् शब्द. ती तुझी समजूत काढत नाही. लाईन तू घालवत नव्हतीस. तुझ्या बसण्यानं काही बिघडत नव्हतं. बिघाड माझा आहे. दोन डब्यांना एकच नाव मी दिलं, तीन गोष्टी एका बटनावर मी बांधल्या, आणि जुना डबा काढायचा सोडून दारातून माघारी मी आलो. भाऊजींचा पलंग रिकामा बघायचं माझ्यानं होईना. तू रोज दोनदा बघत होतीस. मला ते माहीत नव्हतं.

आता एक काम तुझ्याकडून हवं आहे, अर्पिताकडून नको. कपाटावर काळा डबा आहे, दोन शिंगांचा. त्याच्या पाठीमागची पातळ काळी वायर ओढ. धक्का बसत नाही. ओढली की हिरवे दिवे जातील.

इथं काम अर्धं होतं. दोष निघाला की नाही हे तपासल्याशिवाय मी काम पुरं मानत नाही, तुला माहीत आहे. तपासायचं तर ज्या वेळी बिघडत होतं त्याच वेळी, सगळं तसंच ठेवून बघावं लागतं. म्हणून सोमवार ते शुक्रवार, सकाळी १०.४० ला आणि दुपारी ३.०५ ला, तू त्या खोलीत जाऊन बटन दाबायचं, दिवा चालू, पंखा तीनवर, आणि खुर्चीवर बसायचं. पुरी चाळीस मिनिटं. मधे उठलीस तर तपासणी बाद. किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस, लाईन गेली का, हे वहीत तुझ्या हातानं लिही आणि शुक्रवारी मला कळव. अर्पिताची नोकरी यावर आहे, तेव्हा टाळाटाळ चालणार नाही.

धाकटा असून हुकूम सोडतोय. यायला लागलो की कान धर.

तुझा,
भीमा


येरमाळा,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चि. भीमाशंकर यास,
अक्काचे अ. उ. आ.

तू सांगितल्यापरमाणं लिहिते. वायर रविवारीच ओढली. हिरवे दिवे गेले.

सोमवार. १०.४० ला बसले, ११.२० ला उठले. लाईन गेली न्हाय. दुपारी तसंच.

मंगळवार. सकाळी तसंच. दुपारी अर्पिता लॅपटॉप उचलून खोलीत आली. म्हणाली की मधल्या खोलीत ऊन येतंय. तिथं ऊन येत न्हाय, ती भिंत उत्तरेची हाय. पलंगावर पाय घेऊन बसली अन् ऑफिसशी इंग्रजीत बोलत राहिली. तिचे अप्पा असते तर सगळ्यांना सांगत सुटले असते. ३.०५ ते ३.४५. लाईन गेली न्हाय.

बुधवार. शिवरात्रीचा उपास. दोन्ही वेळेला दोघी बसलो. पंखा तिनं दोनवर केला, गार लागतंय म्हणून. तू तीन सांगितला होतास. चूक झाली असंल तर कळव.

गुरुवार. तिच्या सरांचा निरोप आला, घरून काम चालू ठेवा म्हणून. तिनं मला सांगितलं. मी व्हय म्हणाले.

शुक्रवार, आज. १०.४० ला बसले. अर्पिताची मोठी मीटिंग होती, पंधरा-वीस माणसं. पलंगावरची चादर तिच्या पायानं गोळा झाली होती, ती सारखी करायला मी वाकले. त्यांची चादर मी तशीच सारखी करत होते, वाकून, एका हातानं. मला रडू आलं. मोठ्यानं आलं, आवरंना. अर्पितानं काहीतरी बटन दाबलं आणि तशीच माझ्या मांडीवर पडून तीही रडली. पलीकडं माणसं बोलत होती, ती ऐकू येत होती.

१०.४० ते ११.३५. तुझ्या चाळीस मिनिटांच्या वर पंधरा झाली.

लाईन एकदाही गेली न्हाय.

पाय जपून टाक.

तुझी अक्का,
शिवलीला